धूळ झटकलेली कादंबरी

श्रोतेहो, नमस्कार.

लॉ कॉलेज रस्त्यावर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्या आवारात १९३६ साली प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढला आणि तो मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला. देवाधर्माने गल्ला बुडेल, अशी धास्ती त्या निर्मात्यांना वाटली नसावी. कादंबरीवर चित्रपट काढताना हॉलिवूडला मात्र ती वाटते.

फिलिप पुलमन यांची 'नॉर्दर्न लाइट्स' ही १९९५ सालची कादंबरी घ्या. तिच्या जगात प्रत्येकाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्यासोबत वावरतो, आणि चर्चच्या आश्रयाने काम करणारी मंडळी मुलांना या सोबत्यापासून अक्षरशः कापून वेगळे करतात; कारण वयात येताना माणसावर बसणारी अदृश्य 'धूळ' म्हणजे आद्य पापाची खूण, असे चर्चने ठरवलेले असते. अखेरीस नायिकेला बायबलमधील आदम-हव्वेची कथा वाचून दाखवली जाते, तेव्हा या क्रौर्याचा उगम तिला उमगतो.

या कादंबरीवर २००७ साली सुमारे १८ कोटी डॉलर खर्चून निघालेल्या 'द गोल्डन कंपास' या चित्रपटात चर्च पुसट होऊन कुठलीही चालेल अशी एक हुकूमशाही उरली, आणि शेवटची प्रकरणे तर गाळलीच गेली. मुले कापली जातात. ती का, याचे धड उत्तर मिळत नाही. एवढे करूनही अमेरिकेतील कॅथलिक लीग या संघटनेने बहिष्कार पुकारलाच. चित्रपट सौम्य असला तरी तो पाहून मुले मूळ पुस्तकाकडे वळतील, असा तिचा आक्षेप होता, आणि (पुस्तकांविषयी इतका विश्वास आपल्या प्रकाशकांनाही नसेल!) तो तर्कशुद्धच होता. अमेरिकेत जेमतेम ७ कोटी डॉलर जमले; परदेशात बरी कमाई झाली, पण तिथले हक्क चित्रपट काढणाऱ्या कंपनीने आधीच विकले होते. पुढचे भाग निघाले नाहीत.

पुलमन धर्मसंस्थेचे टीकाकार, तर मॅडलिन लेंगल श्रद्धाळू ख्रिस्ती. त्यांच्या १९६२ च्या 'अ रिंकल इन टाइम' या कादंबरीत अंधाराशी लढणाऱ्यांची नावे मुले आठवतात, तेव्हा पहिले नाव येशूचे येते आणि मागोमाग गांधी, बुद्धही येतात. डिस्नेच्या २०१८ च्या चित्रपटातून येशूचे नाव गेले, बायबलमधील वचनेही गेली. कात्री दोघांवर सारखीच चालली.

पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'पासून सुरू होणाऱ्या कादंबरीमालेवर बीबीसी आणि एचबीओ यांनी २०१९ ते २०२२ या काळात मालिका काढली. तीत धर्मसत्ता जागेवर राहिली, आणि स्वतःला ईश्वर म्हणवणारा जराजर्जर वृद्ध वाऱ्यात विरून जातो, हा प्रसंगही दाखवला गेला.