हॅमस्टरला खणायचंय
(साताऱ्यातल्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागं उभे आहात त्यांनी पुढं या, खुर्च्या आहेत. विषय बोर्डावर दिसतोयच, हॅमस्टर पिंजऱ्याच्या तारा का चावतो. पोरांनो, किती जणांच्या घरी हॅमस्टर आहे? वा, शाहूपुरी, गोडोली, करंजे, सगळीकडं पोचलाय की. आणि रात्री अकरानंतर कटकट कटकट आवाज कुणाच्या घरात येतो? हां, आता आईवडलांचे हात वर गेले.

एकच गोष्ट डोक्यात घालून पाठवणार आहे मी तुम्हाला. दात वाढतात म्हणून चावतो असं सगळे सांगतात, पण तार चावतो ते दातासाठी नाही, खणायला जमीन हवी म्हणून. ते पटवायला दाखले देतो, पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय हा प्राणी कळत नाही.

1930 साली जेरुसलेमहून इस्रायल अहारोनी नावाचे प्राणिशास्त्रज्ञ सीरियातल्या अलेप्पोला गेले. सोनेरी हॅमस्टरचं शास्त्रीय वर्णन 1839 मध्येच झालेलं, पण जिवंत जनावर हातात हवं होतं, कारण सॉल अ‍ॅडलर म्हणून संशोधक काळा आजारावर काम करत होते, त्यांना प्रयोगशाळेत वाढेल असा प्राणी पाहिजे होता. काळा आजार म्हणजे आपल्या बिहार-बंगालला छळलेला तोच. तर तिथल्या शेखच्या मदतीनं गव्हाच्या शेतात खणाखणी सुरू झाली, खणत गेले खणत गेले आणि खाली घरटं लागलं, आई आणि 11 पिल्लं. सगळी पेटीत ठेवली तर आईनं एक पिल्लू मारलं, मग बाकीची वाचवायची म्हणून आईलाच मारावं लागलं. पिल्लं अहारोनी आणि त्यांच्या बायकोनं हातानं वाढवली, हे मला फार मोठं वाटतं, डोळेही न उघडलेली पिल्लं होती ती! पुढं ती विद्यापीठात दिली, लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवली, तर रात्रीत काही जणांनी लाकूड कुरतडून भोक पाडलं आणि गेली पळून. जी उरली त्यांच्यापासून वंश वाढला, 1931 मध्ये काही इंग्लंडला गेली, आणि आज घरोघरी जे सोनेरी हॅमस्टर आहेत त्यातले बहुतेक त्याच एका बिळातले. म्हणजे माणसाच्या हातात आल्या आल्या या प्राण्यानं पहिलं काम काय केलं? पिंजरा कुरतडला.

आता बीळ म्हणजे काय हे साताऱ्याच्या माणसाला शिकवायला लागत नाही. ज्वारी काढल्यावर घुशीचं बीळ उकरलं की आत कणसांचा साठा निघतो, हो की नाही आबा? हॅमस्टरचंही तेच, गालातल्या पिशव्यांत धान्य भरायचं, खाली नेऊन ठेवायचं. अलेप्पोजवळच्या शेतात नंतर बिळं मोजली तेव्हा ती 36 ते 106 सेंटीमीटर खोल निघाली. सरळ खाली जाणारं एक तोंड, झोपायची खोली, धान्याची खोली, आणि आत मोठा हॅमस्टर एकच. एकच! हे नीट ऐका, कारण पुढं जे सांगतोय ते त्यामुळंच घडलं.

आमच्या पुतणीला वाढदिवसाला हॅमस्टर आणला. दुकानदारानं पिंजरा दिला तो एवढा, दोन्ही हाताच्या ओंजळी जोडल्या की संपला, तळात बोटभर भुसा. भाऊ म्हणाला जरा मोठा द्या, तर उत्तर काय, "उंदीरच आहे ओ, किती जागा लागणार त्याला?" झालं, दुसऱ्या रात्रीपासून कटकट. परत गेलो तर म्हणे दात वाढतात त्याचे, चावू द्या, आणि वर चघळायचं लाकूड गळ्यात मारलं. लाकूड त्यानं हुंगलंसुद्धा नाही. मग कुणी सांगितलं तारेला मिरची लावा, ते मी लावू दिलं नाही, मुक्या जनावराच्या तोंडाला मिरची लावायची? मग दुकानदार म्हणाला एकटा आहे, कंटाळतो, दुसरा घेऊन जा. माझं न ऐकता आणला. सोनेरी हॅमस्टर मोठा झाला की दुसऱ्याला जवळ उभा करत नाही, ते बिळात एकटं राहणारं जनावर. सकाळी एक मेलेला. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मला आजही त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही, जनावर विकतोस तर ते कसं जगतं हे सांगायची जबाबदारी तुझी आहे!

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, दहा मिनिटं. बरं, भराभर.

दात वाढतात हे खरं, पुढचे दात आयुष्यभर वाढतात. पण ते वरचे-खालचे एकमेकांवर घासून आणि कडक दाणे फोडून झिजतात. तारेनं उलट दात तुटतात, वाकडे होतात, नाकावरचे केस जातात. (पिवळे दात बघून घाबरू नका बरं का, वरच्या थरात लोह असतं, तो रंग निरोगी आहे.)

दाखला घ्या. 2006 मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांचा अभ्यास आला. 45 नर हॅमस्टर, तीन गट, भुसा कुणाला 10 सेंटीमीटर, कुणाला 40, कुणाला 80. चाक सगळ्यांना. 10 वाल्यांनी तारा सगळ्यात जास्त चावल्या आणि चाकावरही तेच जास्त पळाले. 80 वाल्यांत तार चावताना कुणी दिसलंच नाही. दात तर तिन्ही गटांत वाढत होते ना? मग! 2007 मध्ये पिंजऱ्याच्या आकारावर अभ्यास झाला, मोठ्या पिंजऱ्यात चावणं कमी, पण सगळ्या आकारांत होतंच. म्हणजे नुसती लांबी-रुंदी पुरत नाही, खोली पाहिजे.

आता घरी काय करायचं. जुना फिश टँक काढा माळ्यावरून, मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद असला तर उत्तम, वर जाळी. पण उथळ भुशाचा टँक केलात तर फक्त तुमची झोप वाचेल, तो कोपरे उकरत बसेल. एका बाजूला तरी 40 सेंटीमीटर भरा, मध्ये मध्ये सुक्या गवताचा थर द्या म्हणजे बोगदा ढासळत नाही. वखारीतला बारीक भुसा नको, धूळ नाकात जाते, देवदारासारखं उग्र वासाचं लाकूडही नको. घरट्याला कापूस नको, पायात गुंततो, साधा टिश्यू फाडून द्या. चाक 28 सेंटीमीटरचं, पाठ वाकता कामा नये. टँक उन्हात ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तर खिडकीजवळसुद्धा नको.

काय म्हणालात ताई? सगळं करूनही चावतो? जुनी सवय असली तर काहींची पूर्ण जात नाही, कमी होते. अचानक सुरू झालं किंवा खाणं कमी झालं तर दात दाखवून आणा डॉक्टरांना. आणि तो चावतोय म्हणून लगेच बाहेर काढून खाऊ देऊ नका, चावलं की दार उघडतं हे त्याला लगेच कळतं, बाहेर काढा ते तो शांत असताना.

वेळ संपली म्हणतायत. भुसा कुठला घ्यायचा हे ज्यांना विचारायचंय त्यांनी खाली चपलांपाशी थांबा, मी आहे अर्धा तास.