स्वस्तात नॉकिंग पकडायचंय? आधी तो लाल दिवा विसरा

नमस्कार मंडळी, सांगलीतून.

मागच्या रीमॅपच्या, म्हणजे ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदलण्याच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच लावून धरलंय. "भाऊ, पिकअप मस्त झालाय, पण नॉकिंग होतंय का कसं कळणार?" आणि त्याच्याच खाली, "महागडी मशिनं सांगू नका, बजेटमधलं सांगा." बजेटमधलंच सांगतो.

नॉकिंग काय असतं ते पटकन उरकू. प्लगनं ठिणगी टाकली, ज्वाळा पसरायला लागली, आणि ती पोचायच्या आधीच कडेचं उरलेलं मिश्रण दाबानं, उष्णतेनं आपोआप भडकलं. त्याचा तडाखा सिलिंडरभर घुमतो. पिस्टनचा माथा, रिंगांमधल्या कडा, प्लगचं पोर्सेलिन, सगळ्यांना मार बसतो. गाडीचा नॉक सेन्सर हे ऐकतो आणि ईसीयू टायमिंग मागं घेते, म्हणजे ठिणगी उशिरा टाकते. झालं, पुढं.

(हातात छोटा डबा धरून) आता हा. ऑनलाइन मिळतो. "नॉक इंडिकेटर". सेन्सर जोडायचा, नॉकिंग झालं की लाल दिवा लागतो म्हणे. निम्म्या कमेंट याच्याबद्दल आहेत, आणि माझं डोकं यानंच फिरतं. मंडळी, नॉक सेन्सरला नॉकिंग कळत नाही! त्याला फक्त थरथर कळते. व्हॉल्व्ह आपटला, इंजेक्टर टिकटिकला, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला घासून गेला, सगळं त्याच्या वायरमधून येतं. आणि ही थरथर आरपीएमबरोबर वाढत जाते. २५०० ला जो आकडा नॉकिंगचा, तोच ५५०० ला धडधाकट इंजिनाचा रोजचा गोंगाट. डब्यात फिरवायचा स्क्रू एकच, मर्यादा एकच. ती खाली लावली तर दिवा कायम लाल, वर लावली तर इंजिन फुटेपर्यंत शांत.

म्हणून सगळ्यात आधी बेसलाइन. तुमची गाडी निरोगी असताना, प्रत्येक आरपीएमला किती आवाज करते, हे आधी नोंदवून ठेवायचं. रीमॅपच्या आधी. रीमॅप झालेला असेल तर ट्यूनरकडून स्टॉक फाइल (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) परत टाकून घ्या, टाकीत १०० ऑक्टेनचं (ऑक्टेन जास्त तसं नॉकिंग कमी) पेट्रोल भरा, एक्सपी १०० पुण्यात मिळतं, आणि मग नोंदवा. "एवढं कोण करणार" असं लिहिणाऱ्यांनी व्हिडिओ इथंच बंद केला तरी चालेल.

आता साधनं. सगळ्यात स्वस्त म्हणजे तांब्याची नळी. एसी-फ्रीज दुरुस्तीवाल्याकडं तुकडा मिळतो. एक टोक ठोकून चपटं करायचं, भोक पाडायचं, इंजिनाच्या ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्यावर) बोल्टनं आवळायचं. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, तो केबिनमध्ये घेऊन कारखान्यात वापरतात त्या इअरमफमध्ये. परदेशात ट्यूनर लोक वर्षानुवर्षं हेच वापरत आलेत. नॉकिंग झालं की बरणीत खडे हलवल्यासारखं कडकड ऐकू येतं. फक्त ऐकणारा शेजारच्या सीटवर पाहिजे, चालवणारा नाही. कान झाकून गाडी हाणू नका बाबांनो.

पण इथंही तेच. पहिल्यांदा कानाला लावलं की सगळंच नॉकिंग वाटतं. थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो गाड्यांचे इंजेक्टर इतके टिकटिकतात की माणूस घाबरून बोनेट उघडतो. आधी अर्धा तास निरोगी गाडी ऐका.

दुसरं साधन, माझ्या आवडीचं. वेगळा नॉक सेन्सर, शील्डेड वायर (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं जाळीचं आवरण असलेली), यूएसबी साउंड कार्ड आणि जुना लॅपटॉप. सेन्सर चपट्या प्रतिसादाचा (एकाच सुराला नाही, सगळ्या सुरांना सारखा ऐकणारा) घ्या, बॉशचा मधोमध भोक असलेला गोल प्रकार, बऱ्याच गाड्यांत असतो. गाडीच्या मूळ सेन्सरची वायर सोलून जोड मारू नका, ईसीयूला मिळणारा सिग्नल बिघडू शकतो.

बसवताना तीन गोष्टी. खाली वॉशर नाही, आट्यांना टेप नाही, रंग खरवडून उघडा धातू. टॉर्क पान्यानं (मोजून आवळणाऱ्या पान्यानं) २० न्यूटन-मीटर. "आमच्या मेकॅनिकचा हातच टॉर्क पाना आहे" असं एकानं लिहिलंय, त्यांना माझा नमस्कार सांगा, पण पाना वापरा. बोल्ट थेट ब्लॉकमध्ये गेला पाहिजे, सिलिंडरांच्या मध्यावर. ब्रॅकेटवर बसवलात तर ब्रॅकेटचंच गाणं रेकॉर्ड होईल.

वायर इग्निशन कॉइलपासून लांबून आणा, शील्डला एकाच टोकाला अर्थिंग द्या, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की वरच्या आरपीएमलाही आवाज फाटणार नाही.

मग रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत उघडा, ते फुकट आहे, आणि स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी कुठला सूर किती, हे दाखवणारं चित्र) बघा. कुठल्या सुराच्या पट्ट्यात बघायचं? मिरजेच्या शेजारी राहतो, तेव्हा उदाहरणही तिकडचंच: तबल्याचं तोंड लहान तसा सूर चढा. सिलिंडरचं तसंच. १८०० ला ३.१४ नं भागा, मग बोरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) मिलिमीटरनं भागा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. जुनी पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर, बोर ७१, म्हणजे साधारण ८. स्विफ्टचं १.२ के-सिरीज, बोर ७३, साधारण ७.८. ऑक्टाव्हिया आरएसचं २ लिटर, बोर ८२.५, साधारण ७. हा अंदाज आहे, थोडं इकडंतिकडं होतं. त्या पट्ट्यात क्षणभर उठणाऱ्या उभ्या रेघा शोधायच्या.

आणि रेघ दिसली की? बेसलाइन! त्याच आरपीएमला निरोगी रेकॉर्डिंगमध्ये ती रेघ आहे का बघायचं. असेल तर तो इंजेक्टर किंवा व्हॉल्व्ह. नसेल तर मग बोलू. डॅशबोर्डवर फोन ठेवून काढलेल्या क्लिपा पाठवून "भाऊ, नॉकिंग आहे का" विचारणाऱ्यांनो, त्यात मला फक्त एसीचा पंखा आणि मागं अजय-अतुल ऐकू येतात.

तिसरं, ओबीडी अडॅप्टर, गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे फोनवर दाखवणारा. त्यातल्या ईएलएम३२७ चिपची स्वस्त कॉपी चालेल, पण ती संथ असते. स्क्रीनवर वीस घड्याळं लावून बसू नका. चारच गोष्टी नोंदवा, हाच लॉग: आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब), इनटेक हवेचं तापमान, टायमिंग ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते). सगळ्या गाड्यांत सारख्या मिळणाऱ्या ओबीडी डेटात सिलिंडरवार नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळं टायमिंग किती मागं घेतलं) नसतो, त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांचं खास ॲप लागतं.

टायमिंग ४ डिग्रीनं खाली आलं की लोक घाबरतात. अरे, हवा तापली की ईसीयू टायमिंग कमी करते, गिअर बदलताना करते, ट्रॅक्शन कंट्रोल करतो. एप्रिलच्या दुपारी विश्रामबागच्या सिग्नलवर थांबून लगेच पाय दिलात तर इनटेकचं तापमान किती चढलेलं असतं बघा एकदा. म्हणून तोच रस्ता, तोच गिअर, तेवढंच तापमान, तेच पेट्रोल. आपली सांगली सपाट, इंजिनावर टिकून लोड येत नाही. साखरप्याकडून आंबा घाट चढताना, रस्ता मोकळा असेल तेव्हा, तिसरा गिअर, २५०० ते ४५०० आरपीएम. वेगाची मर्यादा मोडू नका, तिच्यात बसेल तेवढंच आरपीएम घ्या. बेसलाइनचा आणि रीमॅपनंतरचा, दोन्ही लॉग एकावर एक ठेवा. हवेचं तापमान सारखं, प्रेशर सारखं, तरी टायमिंग एका ठिकाणी करवतीसारखं खाली पडून हळूहळू वर येतंय? ती ईसीयूची नॉकिंगवरची प्रतिक्रिया असण्याची शक्यता मोठी. लॉग घेऊन ट्यूनरकडं जा. तोवर बूस्ट (टर्बोचा दाब) कमी.

"ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मुळं नॉकिंग वाढतं का?" हा प्रश्न उसाच्या पट्ट्यात राहून विचारताय! इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, शिवाय बाष्प होताना ते मिश्रण थंड करतं. नॉकिंगच्या बाबतीत ते मदतच करतं. मायलेज, रबरी पाइप, सील हे वेगळे विषय आहेत, त्यावर भांडायला वेगळा व्हिडिओ करू.

छोट्या टर्बोवाल्यांनो, पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पूर्ण पाय देऊ नका. तिथं ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा प्रकार होतो, आणि तो साध्या नॉकिंगपेक्षा कितीतरी वाईट. एकाच झटक्यात पिस्टन जाऊ शकतो, लॉग बघायला वेळच मिळत नाही. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं (डब्यावर तसं लिहिलेलं असतं) घाला, २०२० पासूनच्या या दर्जात त्यासाठी चाचणी आहे. आणि एक गिअर खाली टाका, फुकट आहे.

आणि हो, "माझ्या डिझेल बोलेरोला हे बसवू का?" दादा, डिझेल आपोआप पेटूनच चालतं. तुम्ही निवांत गाडी चालवा.