रूर नदीवरून पंचगंगेकडे पाहताना

(दृश्य : संथ पाण्यावरून सरकणारी पांढरी बोट. दोन्ही काठांना गर्द झाडी.)

ही जर्मनीतली रूर नदी. एसेन शहराच्या दक्षिणेला तिला बांध घालून बाल्डनाय नावाचं तळं केलंय, सुमारे आठ किलोमीटर लांब. बोटीला कसलीच घाई नाही. डेकवर वयस्क मंडळी कॉफी घेत बसलीत, बाजूनं शिडाच्या होड्या जातायत. जर्मनीचा पोलाद उद्योग ज्या कोळशावर उभा राहिला, तो याच खोऱ्यातला, हे सांगून पटत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांनी कुपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, पेटलेला पाहिलाय, त्यांना कोळशाचं मोल वेगळं सांगायला नको. हार्ड कोकचा, म्हणजे भाजून काढलेल्या दगडी कोळशाचा थर, लोखंडाचा थर, मधे चुनखडी आणि खालून ब्लोअरचा वारा. आता आपल्या बऱ्याच फौंड्र्यांत विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्या, पण कोल्हापूरच्या ओतकामाचं नाव झालं ते कोकच्या धगीवर.

(दृश्य : झाडीतून वर आलेला लोखंडी मनोरा. माथ्यावर मोठी चाकं.)

हा कार्ल फुंके खाणीचा मनोरा. त्या चाकांवरून दोर जायचा, दोराला पाळणा, आणि पाळण्यात माणसं. एक पाळी खाली उतरायची, दुसरी वर यायची. १९७३ मध्ये खाण बंद पडली, मनोरा मात्र राखून ठेवला. फार चांगलं केलं. तो नसता, तर या हिरव्या काठाखाली माणसं राबत होती याची खूण कुठं उरली असती?

इथं कोळसा जमिनीच्या अगदी वरच्या थरात सापडायचा. जनावरं राखणाऱ्या एका पोरानं थंडीत जाळ केला आणि सकाळी पाहतो तो खालचे काळे दगडच धगधगतायत, अशी दंतकथा इथले लोक सांगतात. १७८० पर्यंत नदीवर जलपाशांची, म्हणजे नावा वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांची, रांग उभी राहिली. कोळशानं भरलेल्या सपाट तळाच्या नावा प्रवाहाबरोबर खाली जायच्या, परत येताना काठावरून घोडे त्यांना ओढायचे. पुढं रेल्वे आली आणि नावा थांबल्या.

खाणी वाढल्या, शहरं वाढली, आणि सगळ्यांची घाण नदीत. १९०१ मध्ये गेल्झेनकिर्खन शहरात रूरच्या न गाळलेल्या पाण्यातून टायफॉइडची साथ पसरली. शेकडो माणसं गेली. २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ आठवते ना? दुखणं तेच.

(दृश्य : पंचगंगा घाट. मग शहराचं सांडपाणी नदीत आणणारा जयंती नाला.)

१९१३ मध्ये तिकडं रूरवर कायद्यानं नदीचा संघ उभा राहिला. आपल्याकडे शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं, त्यानंतर थोड्याच वर्षांनी. नदीकाठच्या नगरपालिका आणि कारखाने या संघाचे सभासद. प्रत्येकानं वर्गणी द्यायची आणि त्या पैशातून पाणी शुद्ध करायचं. शेजारच्या एम्शर नदीचं मात्र उघडं गटार केलं. ती सांडपाण्यातून मोकळी व्हायला २०२१ साल उजाडलं.

मला या प्रवासात सगळ्यात जवळचा वाटला तो हा संघ. कारण ही रीत आपली आहे. ऊसबिलातून टनामागे कपात, दुधाच्या बिलातून कपात, गावोगावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्था, हे सगळं आपण चालवतो. मग पंचगंगेचा संघ का नसावा? कोल्हापूर आणि इचलकरंजी, साखर कारखाने, कापडाचे प्रोसेसवाले, फौंड्रीवाले आणि काठची गावं यांनी एका सभेत बसावं. ज्याचं सांडपाणी जास्त, त्याची वर्गणी जास्त.

(दृश्य : बाल्डनाय तळ्यात पोहणारी मुलं.)

हे तळंही शोभेसाठी केलेलं नाही. १९३१ ते १९३३, मंदीच्या काळात बेकारांच्या हाताला काम देत ते बांधलं. पाणी इथं थबकावं, गाळ तळाशी बसावा आणि नदी पुढं निवळ जावी, हा हेतू. तरीही १९७१ मध्ये इथं पोहायला बंदी घालावी लागली. ती उठली २०१७ मध्ये, तीही ठरावीक जागेपुरती. मोठा पाऊस झाला की सांडपाणी नदीत येण्याची भीती असते. तेवढे दिवस पोहणं बंद ठेवतात, आणि तसं लोकांना उघड सांगतात.