पीएसक्यूएलमधले व्हेरिएबल: कोलनपुढे कोट कधी लावायचे?

नमस्कार. पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीएसक्यूएल शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून क्वेरी चालवायच्या प्रोग्रॅममध्ये, व्हेरिएबल बनवायला एक ओळ पुरते: बॅकस्लॅश सेट, मग नाव, मग व्हॅल्यू.

[स्क्रीनवर: \set विभाग लेखा]

मध्ये बरोबरचं चिन्ह नको, शेवटी अर्धविराम नको. दिलात तर एरर येत नाही, ते चिन्ह मुकाट्याने व्हॅल्यूतच जाऊन बसतं. व्हॅल्यूत स्पेस असेल तर सिंगल कोट लावा, नाहीतर शब्द एकमेकांना चिकटतात. म्हणून सेट केलं की लगेच बॅकस्लॅश इको करून बघा. नुसतं बॅकस्लॅश सेट टाकलं की सगळ्यांची यादी येते. काढून टाकायला अनसेट.

आता वापर. इथेच बहुतेकांचं अडतं. पीएसक्यूएल क्वेरी सर्व्हरकडे पाठवण्याआधी नावाच्या जागी मजकूर घालतो, बस. नुसतं :विभाग लिहिलंत तर सर्व्हरला कोटशिवाय लेखा मिळतं आणि तो म्हणतो, असा कॉलमच नाही. मजकूर किंवा तारीख असेल तर लिहा :'विभाग'. कोट पीएसक्यूएल लावतो, आतले कोटही नीट सांभाळतो. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव असेल तर :"विभाग". बाहेरून आलेली व्हॅल्यू नुसत्या कोलनने कधीच घालू नका, तिच्यातून कुणाचंही एसक्यूएल तुमच्या डेटाबेसवर चालेल.

आणि हो, कोटच्या आत कोलन चालत नाही.

[स्क्रीनवर: '%:विभाग%' चूक, '%' || :'विभाग' || '%' बरोबर]

डू ब्लॉकमध्ये कोड $$ च्या जोडीत लिहितात, त्या डॉलर कोटचंही तेच.

क्वेरीचं उत्तर साठवायचंय? शेवटी अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश जीसेट. कॉलमची नावं हीच व्हेरिएबलची नावं होतात. ओळ मात्र एकच यायला हवी. शून्य किंवा दोन आल्या तर एरर. कॉलम नल, म्हणजे व्हॅल्यूच नसलेला, असेल तर ते व्हेरिएबल अनसेट होतं, आणि पुढच्या क्वेरीत कोलनपाशी सिंटॅक्स एरर दिसते.

हीच एरर आणखी एका ठिकाणी हमखास भेटते. पीएसक्यूएल सुरू करतानाच स्क्रिप्टला बाहेरून व्हॅल्यू द्यायला डॅश व्ही (-v) हा पर्याय वापरता, ते ठीक. पण क्वेरी त्याच ओळीत डॅश सीने (-c) दिलीत तर त्यात व्हेरिएबल बदललेच जात नाहीत. क्वेरी फाइलमध्ये ठेवून डॅश एफने (-f) चालवा, किंवा पाइपने द्या. सोबत ऑन_एरर_स्टॉप (ON_ERROR_STOP) हे पीएसक्यूएलचं स्वतःचं व्हेरिएबल चालू करा, नाव पूर्ण कॅपिटलमध्ये, म्हणजे पहिल्या चुकीवर स्क्रिप्ट थांबेल आणि एक्झिट कोड ३ मिळेल.