इंटेल काहून घसरली? नागपूरकरांसाठी सरळ हिशेब

नमस्कार मंडळी! आज कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेलबद्दल बोलू. सीताबर्डीत कॉम्प्युटर घ्यायला गेलं की दुकानदार "आय-थ्री देऊ की आय-फाइव्ह?" एवढंच विचारायचा. कंपनीचं नाव घ्यायची गरजच नसायची.

त्या इंटेलनं १ ऑगस्ट २०२४ ला साधारण पंधरा हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के पडला. त्या वर्षीचा तोटा १८.८ अब्ज डॉलर. मग जुलै २०२५ मध्ये नवे सीईओ लिप-बू टॅन यांनी सांगितलं, की वर्षाअखेर उपकंपन्या सोडून साधारण ७५ हजार लोकच राहतील.

एआय आलं, त्याच्या चिप विकणारी एन्विडिया पुढे गेली, म्हणून हे झालं असं आपण ऐकतो. माझ्या मते मूळ दुखणं कारखान्यातलं आहे, आणि बरंच जुनं आहे.

चिप स्वतःच डिझाइन करायची आणि स्वतःच्याच फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, बनवायची, ही इंटेलची ताकद. २०१४ मध्ये चिप बनवायचं १४ नॅनोमीटर तंत्र आलं (आकडा जितका लहान, तितकी चिपवरची रचना बारीक). पुढचं १० नॅनोमीटर मोठ्या प्रमाणात निघायला २०१९ उजाडलं. का? चिपवरच्या रेषा प्रकाशानं छापतात. इंटेल १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा जुना प्रकाश वापरत होती. त्यानं इतक्या बारीक रेषा एका फटक्यात छापता येत नाहीत, म्हणून एकच थर चार-चार वेळा छापायचा. दर वेळी केसाच्या हजाराव्या भागाएवढं जरी सरकलं, तरी चिप वाया.

यावरचा उपाय म्हणजे ईयूव्ही, म्हणजे खूपच कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला पन्नास हजार वेळा लेझर मारायचा, त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. हे मशीन जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते. त्या कंपनीत इंटेलनं २०१२ मध्येच अब्जावधी डॉलर घातले होते! तरी उत्पादनात ते मशीन दुसऱ्यांसाठी चिप बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीनं २०१९ मध्ये आणलं, इंटेलनं २०२३ मध्ये. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

आपल्या एम्प्रेस मिलचं आठवा. १८७७ मध्ये सुरू झालेल्या त्या गिरणीत जमशेदजी टाटांनी सूत कातायचे नवे रिंग स्पिंडल लावले, तेव्हा लँकेशायरवाले जुन्या म्यूल यंत्रांनाच धरून होते. हीच एम्प्रेस २००२ मध्ये बंद पडली. कामगारांच्या घरांनी काय सोसलं, ते नागपूरला वेगळं सांगायला नको.

मोबाइलची संधीही गेलीच. आयफोनची चिप बनवायला तेव्हाचे सीईओ पॉल ओटेलिनी यांनी नकार दिला होता. २०२० मध्ये अ‍ॅपलनं आपल्या मॅक कॉम्प्युटरमधूनही इंटेलला काढायला सुरुवात केली.

यातला एकही निर्णय आज नोकरी गेलेल्या इंजिनिअरनं घेतला नव्हता. व्हीएनआयटीत, रामदेवबाबात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी पोरं मला विचारतात, "या लाइनमध्ये जावं का?" जा रे बाबांनो. चिपची मागणी आटलेली नाही, ऑर्डर दुसरीकडे गेल्या आहेत.

आता नजर ठेवायची ती १४ए वर, म्हणजे इंटेलच्या चिप बनवायच्या पुढच्या तंत्रावर. बाहेरचा मोठा ग्राहक मिळाला नाही तर ही पुढची प्रक्रिया थांबवू शकतो, असं इंटेलनं जुलै २०२५ मध्येच लेखी सांगितलंय. त्यानंतर अमेरिकी सरकारनं सुमारे १० टक्के हिस्सा घेतला, एन्विडियानं ५ अब्ज डॉलर गुंतवायचं ठरवलं. पण पैसा गुंतवणं वेगळं आणि चिप्सची ऑर्डर देणं वेगळं.