हवाना : जुन्या शहराची पहिली भेट

क्यूबाच्या राजधानीत, हवानात, नव्याने आलेला विद्यार्थी सहसा सर्वप्रथम मालेकॉनवर येऊन उभा राहतो. सुमारे 8 किलोमीटर लांबीच्या या किनारी रस्त्याचे बांधकाम 1901 मध्ये, अमेरिकी लष्करी प्रशासनाच्या काळात सुरू झाले. हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटले की लाटा कठडा ओलांडून रस्त्यावर येतात. समोरच्या घरांचे सुटलेले गिलावे, उघड्या पडलेल्या गंजक्या सळया आणि खचलेले सज्जे यांत या खाऱ्या पाण्याचा वाटा मोठा आहे. 1950च्या दशकातील रंगीत अमेरिकी मोटारी प्रत्येक चित्रणात येतात, तशा त्या आमच्याही चित्रणात आल्या आहेत. वास्तुकलेचे विद्यार्थी असल्याने आमचे लक्ष मात्र त्यांच्यामागच्या भिंतींवर होते.

जुन्या शहरातील कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीजवळ गेल्यावर दगडात प्रवाळांचे आणि शिंपल्यांचे अवशेष स्पष्ट दिसतात, कारण हा दगड समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे. श्रीमंत घरांच्या दारांवरील अर्धवर्तुळाकार रंगीत काचा दुपारचे ऊन गाळून आत घेतात, आणि उंच छतांमुळे खोल्यांत हवा खेळती राहते. याच उंचीचा उपयोग करून पुढे दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांनी आत पोटमाळे बांधले, त्यांचा भार जुन्या भिंतींवर पडला, आणि आज अनेक इमारती गिरगावातल्या जुन्या चाळींप्रमाणे टेकूंच्या आधाराने उभ्या आहेत.

हे जुने शहर आणि त्याची तटबंदी 1982 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, परंतु यादीत नाव आल्याने छप्पर दुरुस्त होत नाही. 1991 मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि क्यूबाचा मोठा आर्थिक आधार तुटला. 1967 पासून शहर इतिहासकाराच्या कार्यालयाची, म्हणजे जुन्या शहराचा वारसा जपणाऱ्या संस्थेची, धुरा वाहणारे एउसेबिओ लेआल यांनी त्यानंतर जो मार्ग काढला, तो आमच्या मते कोणत्याही पाठ्यपुस्तकात जायला हवा. 1993 च्या कायद्याने या कार्यालयाला विशेष अधिकार मिळाले, आणि 1994 मध्ये स्थापन झालेल्या हाबागुआनेक्स या कंपनीच्या हॉटेलांतून व उपाहारगृहांतून येणारा पैसा जुन्या शहराच्या दुरुस्तीकडे वळवण्यात आला. त्यातून वाडे सावरले गेले, शिवाय शाळा आणि वृद्धांसाठीच्या सोयीही उभ्या राहिल्या. दगड घडवणे, गिलावा, सुतारकाम या कामांसाठी प्रत्यक्ष काम करत शिकवणाऱ्या शाळा काढून स्थानिक तरुणांना शिकवण्यात आले. कारागीरच उरले नसते तर पैसा असूनही काय करता आले असते?

प्लाझा व्हिएहा हा चौक या पद्धतीचा सर्वांत ठळक नमुना आहे. 1952 मध्ये येथे अर्धा जमिनीखाली गेलेला वाहनतळ बांधण्यात आला होता, आणि त्याच्या छतामुळे चौकाची पातळी भोवतालच्या कमानींच्या संदर्भात बिघडली होती. 1990च्या दशकात तो पाडून चौक पूर्वीच्या पातळीवर आणला गेला आणि मध्यभागी जुन्या कारंज्याची संगमरवरी प्रतिकृती बसवण्यात आली.

दुरुस्तीच्या ओघात काही रहिवाशांना दूरच्या वस्त्यांत जावे लागले, 2016 मध्ये हाबागुआनेक्स लष्कराच्या अखत्यारीतील उद्योगसमूहाकडे गेली, आणि 2020 मध्ये लेआल यांचे निधन झाले. पर्यटकांचे मार्ग सोडून काही गल्ल्या पलीकडे गेल्यास टेकू पुन्हा दिसू लागतात. पुढील चित्रण तिथले आहे.