चॉकलेटी-गुलाबी जर्सी

नमस्कार श्रोतेहो.

२९ जानेवारी १९२७ ची गोष्ट. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर एफए चषकाचा, म्हणजे इंग्लंडच्या मानाच्या फुटबॉल स्पर्धेचा, सामना रंगला होता आणि माणसं तो घरात बसून रेडिओवर ऐकत होती. बीबीसीनं फुटबॉलचं थेट समालोचन सुरू करून जेमतेम आठवडा झाला होता, आणि चषकाचा सामना तर पहिल्यांदाच ऐकायला मिळत होता. एका बाजूला न्यूकॅसल युनायटेड, त्याच मोसमात लीग जिंकणारा व्यावसायिक संघ. दुसऱ्या बाजूला कॉरिंथियन. यांच्यातल्या एकालाही खेळायचे पैसे मिळत नव्हते. तरी पहिली आघाडी त्यांनीच घेतली! शेवटी ३-१ असे हरले. या क्लबाशी रेडिओचं असं जुनं नातं आहे, म्हणून त्याची गोष्ट इथूनच सांगावीशी वाटली.

आज त्याचं नाव कॉरिंथियन-कॅज्युअल्स. लंडनच्या नैर्ऋत्येला टॉलवर्थ नावाचं उपनगर आहे, तिथं त्याचं छोटंसं मैदान आहे. प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या तीन श्रेणी सोडल्या, की उरलेल्या क्लबांना इंग्लंडमध्ये ‘नॉन-लीग’ म्हणतात. त्या गर्दीतला हा एक.

सुरुवात मात्र थाटाची होती. १८८१ मध्ये स्कॉटलंडनं इंग्लंडला ६-१ नं हरवलं, पुढच्या वर्षी ५-१ नं. स्कॉटिश खेळाडू एकमेकांना चेंडू देत खेळायचे. इंग्रज चेंडू पायात घेऊन एकेकटे धावत सुटायचे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेत काम करणाऱ्या लेन जॅक्सन यांना वाटलं, चांगले खेळाडू वर्षभर एकत्र खेळले, तर हे चित्र पालटेल. म्हणून १८८२ मध्ये त्यांनी कॉरिंथियन क्लब काढला. बक्षिसासाठी खेळायचं नाही, हा नियम. सुरुवातीची कित्येक वर्षं लीग नको, चषक नको, फक्त मैत्रीचे सामने. पण खेळ केवढा तगडा! १९०३ मध्ये बरी या संघानं एफए चषकाची अंतिम लढत ६-० अशी जिंकली होती. त्याच बरीला कॉरिंथियननं १९०४ मध्ये १०-३ असं लोळवलं. चार्ल्स फ्राय यांच्यासारखा माणूस या क्लबातून खेळला. ससेक्सकडून क्रिकेट खेळताना आपल्या रणजींच्या जोडीनं धावांच्या राशी रचणारे, ते हेच फ्राय.

पेनल्टीचा, म्हणजे गोलाजवळ कुणाला पाडलं तर समोरच्या संघाला गोलावर थेट फटका देण्याचा नियम १८९१ मध्ये आला, तेव्हा कॉरिंथियन मंडळी दुखावली. सभ्य माणूस मुद्दाम पाय घालून पाडेल, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आपल्याविरुद्ध पेनल्टी मिळाली, की त्यांचा गोलरक्षक खांबाला टेकून बाजूला उभा राहायचा, असं सांगतात. हा किस्सा मला मनापासून आवडतो. पण त्याबरोबर एक गोष्ट सांगायलाच हवी. यातले बहुतेक जण बड्या शाळांत आणि विद्यापीठांत शिकलेले, खाऊनपिऊन सुखी घरचे. लँकेशायरच्या गिरणीत राबणाऱ्या कामगाराला सामन्यासाठी मजुरी बुडवणं परवडत नव्हतं. त्यानं खेळायचे पैसे मागितले, यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. हौस खरी होती, पण ती पुरवायला घरी ऐपत लागायची.

म्हणूनच पुढे जे घडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. १९१० मध्ये हा संघ बोटीनं ब्राझीलला गेला. रिओत आणि साओ पाउलोत त्यांचा खेळ पाहून लोक भारावले. साओ पाउलोच्या बों रेतिरो या कामकऱ्यांच्या वस्तीतल्या रेल्वे कामगारांना आपला क्लब काढायचा होता. फुटबॉल तिथंही तोवर धनिकांचाच खेळ होता. १ सप्टेंबर १९१० ला त्यांनी क्लब काढला आणि पाहुण्यांचं नाव त्याला दिलं, कॉरिंथियन्स. इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या क्लबाचं नाव ब्राझीलच्या कामगारांनी आपलंसं केलं, आणि आज ते नाव जगाला ठाऊक आहे ते त्या कामगारांच्या क्लबामुळे. २०१२ मध्ये या ब्राझीलच्या कॉरिंथियन्सनी योकोहामात चेल्सीला १-० नं हरवून क्लबांचं विश्वविजेतेपद मिळवलं. चेल्सी तर लंडनचाच संघ, टॉलवर्थपासून काही मैलांवरचा!

मूळ क्लबाचे दिवस तोवर कधीच पालटले होते. पहिल्या महायुद्धात त्याचे कितीतरी खेळाडू मारले गेले. १९३९ मध्ये तो कॅज्युअल्स या दुसऱ्या हौशी क्लबात विलीन झाला, आणि कॅज्युअल्सचे चॉकलेटी व गुलाबी रंग जोडनावाच्या या क्लबानं घेतले. १९५६ मध्ये हौशी संघांच्या चषकाच्या अंतिम सामन्यासाठी तो वेम्बलीवर उतरला. बिशप ऑकलंडशी १-१ अशी बरोबरी झाली, फेरसामना हातचा गेला. मात्र खेळाडूला पैसे द्यायचे नाहीत, ही रीत क्लबानं पुढेही सोडली नाही. आताच्या खेळाडूंच्या मागे घरची इस्टेट नाही. दिवसभर नोकरी करून ते संध्याकाळी सरावाला येतात.

१९८८ मध्ये ही मंडळी ब्राझीलला गेली, आपल्याच नावाच्या क्लबाशी खेळायला. समोर होता सॉक्रेटिस, १९८२ च्या विश्वचषकातला ब्राझीलचा कर्णधार, पेशानं डॉक्टर. त्यानं गोल केला आणि कॉरिंथियन्स १-० नं जिंकले. पण सामना संपायला थोडा वेळ राहिला असताना सॉक्रेटिसनं अंगातली जर्सी उतरवली, पाहुण्यांची चॉकलेटी-गुलाबी जर्सी चढवली, आणि उरलेली मिनिटं तो त्यांच्या बाजूनं खेळला.